अस्वस्थ मनाला प्रश्न विचारायची रीत

'स्वतःच्या आत डोकावून पाहा' हा सल्ला सगळेच देतात. डोकावायचं कसं, किती वेळ आणि बाहेर कधी यायचं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. मनाच्या विषयावर मी बरीच वर्षं लिहिते आहे आणि वाचकांच्या पत्रांत एक तक्रार सारखी दिसते: "मी रोज रात्री दिवसभराचा विचार करते. कुठे काय चुकलं ते आठवते. पण बरं वाटायच्या ऐवजी जास्तच खचल्यासारखं होतं." असं लिहिणारी माणसं प्रामाणिक असतात, स्वतःला सुधारायची त्यांना खरी तळमळ असते. म्हणूनच त्यांची रीत त्यांना दगा देते हे पाहून मला वाईट वाटतं.

स्वतःचा शोध घेणं आणि स्वतःला उगाळत बसणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पॉल ट्रॅपनेल आणि जेनिफर कॅम्पबेल या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ साली त्या दोन्ही वेगवेगळ्या मोजणारी प्रश्नावली मांडली. एकीत माणूस कुतूहलापोटी स्वतःकडे पाहतो, दुसरीत भीतीपोटी किंवा खंत वाटून. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारख्याच दिसतात, माणूस गप्प बसून विचार करतोय एवढंच. उगाळण्याची किंमत किती, हे सुझन नोलेन-होक्सेमा यांच्या एका अभ्यासात दिसलं. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांची मनःस्थिती आणि विचार करायची सवय त्यांनी नोंदवून ठेवली होती. त्यानंतर दोन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबर १९८९ रोजी, त्या भागात मोठा भूकंप झाला. मग त्याच विद्यार्थ्यांना पुन्हा तपासलं. ज्यांना आधीपासूनच दुःख उगाळायची सवय होती, त्यांच्यात भूकंपानंतर सात आठवड्यांनीही उदासी जास्त होती.

त्यामुळे खाली जे सांगते आहे त्या सगळ्याला माझी कसोटी एकच: मनाला विचारलेल्या प्रश्नाला शेवट हवा. आज, या टेबलाशी बसून, पेन्सिलीनं उत्तर लिहिता येईल असाच प्रश्न विचारायचा. "मी अशी का आहे?" या प्रश्नाला शेवट नाही. "दुपारी तो फोन ठेवल्यावर माझ्या छातीत काय झालं?" याला आहे.

बसण्याआधी

सुटा कागद घ्या. मी पाठकोरे कागद वापरते. चांगली वही समोर असली की माणूस चांगलं लिहायला जातो, अक्षर नीट येतं, वाक्यं सजतात आणि खरं ते मागे राहतं. पाठकोऱ्या कागदावर कुणाला काही दाखवायचं नसतं. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. ज्या मेसेजनं जीव खालीवर झाला, तो एका बोटाच्या अंतरावर असताना त्याच्याविषयी शांतपणे लिहिणं फार अवघड जातं.

वेळ पंधरा ते वीस मिनिटं, गजर लावून. गजर झाला की वाक्य अर्धं असलं तरी पेन्सिल खाली ठेवायची. या नियमाबाबत मी हट्टी आहे, कारण उगाळणारं मन कायम "अजून थोडंच राहिलंय" असं म्हणतं. अंथरुणात लिहू नका. झोपायच्या निदान तासभर आधी लिहा, म्हणजे वर आलेला गाळ खाली बसायला वेळ मिळतो.

पहिल्या दिवशी लिहून उठल्यावर तुम्हाला आधीपेक्षा जड वाटण्याची शक्यता आहे. घाबरू नका. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या एखाद्या क्लेशकारक अनुभवावर लिहिलं. घडलेलं आणि वाटलेलं, दोन्ही लिहिणारे विद्यार्थी पुढच्या काही महिन्यांत आजारपणासाठी आरोग्य केंद्रात इतरांपेक्षा कमी वेळा गेले. पण लिहून उठल्या उठल्या मात्र त्यांची मनःस्थिती खालावलेली होती. हे आधी माहीत नसलं की माणूस पहिल्याच दिवशी कागद फेकून देतो. आणि अपेक्षाही माफक ठेवा. जोआन फ्रॅटारोली यांनी २००६ साली अशा लेखनावरचे १४६ अभ्यास एकत्र तपासले तेव्हा फायदा खरा निघाला, पण लहान. मला तो लहान फायदाही मोलाचा वाटतो, कारण त्याला एक कागद आणि पाव तास यापलीकडे काही लागत नाही. लिहिताना आपण अगदी कोसळतोय असं वाटलं, तर तिथेच थांबा आणि दुसऱ्या साध्या विषयावर लिहा. जखम ताजी असेल तर तिला हात लावायची घाई नको.

घडलं ते आणि वाटलं ते

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, म्हणून इथे जरा रेंगाळते. एका वाचक तरुणीनं तिचं पान मला पाठवलं होतं आणि ते वापरायची परवानगीही दिली होती. तिनं पहिल्यांदा लिहिलेलं असं होतं:

"सरांना माझं काम आवडलेलं नाही. ते मला काढणार. परवा बोलताना मी अडखळले ते सगळ्यांच्या लक्षात आलं. मी इथे टिकणार नाही."

यातली घडलेली गोष्ट कोणती? परवा ती अडखळली, एवढीच. सगळ्यांच्या लक्षात आलं हा तर्क. सरांना आवडलं नाही हाही तर्क. काढणार, टिकणार नाही, ही भविष्यवाणी. मी तिला कळवलं, की त्या वेळी खोलीत एखादी अनोळखी बाई बसली असती, तर तिनं डोळ्यांनी काय पाहिलं असतं आणि कानांनी काय ऐकलं असतं, तेवढंच लिही. मग आलेलं पान असं:

"रात्री साडेनऊला सरांचा मेसेज आला. 'उद्या सकाळी जरा बोलायचंय.' मी 'हो सर' लिहिलं. त्यांनी वाचल्याची खूण आली. पुढे उत्तर आलं नाही. मी फोन उलटा ठेवला. थोड्या वेळानं पुन्हा उचलला. जेवण तसंच राहिलं."

दुसरं पान वाचताना तुमचाही श्वास जरा सुटला असेल. त्यात भीती कमी झालेली नाही, पण ती कुठून आली ते दिसायला लागलं आहे. कागदाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे घडलेलं, उजवीकडे त्याच्यावर मनानं रचलेलं. उजवीकडचं खोटंच असतं असं नाही. फक्त त्याची जागा उजवीकडे आहे.

अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात जी उपचारपद्धती उभी केली तिचा गाभा याच्या जवळ जातो. प्रसंग, त्याविषयीची आपली धारणा आणि त्यातून होणारा भावनिक परिणाम असे तीन खण ते पाडत. पोटात गोळा प्रसंगामुळेच आला असं आपल्याला वाटतं, पण मधल्या खणातल्या धारणेचा त्यात मोठा वाटा असतो. इथे एक सावधगिरी मला फार महत्त्वाची वाटते. या मांडणीचा आधार घेऊन कुणी तुम्हाला "सगळे तुझ्या मनाचे खेळ आहेत" असं म्हणत असेल, तर ऐकू नका. कधीकधी डावीकडचा रकानाच भयंकर असतो. कुणी रोज चारचौघांत तुमचा पाणउतारा करत असेल, तर तारीखवार लिहिलेला तो डावा रकाना तुमच्या हातातला पुरावा आहे. तिथे धारणा बदलायची गरज नाही, परिस्थिती बदलायची आहे.

'टेन्शन' एवढंच लिहू नका

दोन्ही रकान्यांच्या खाली, त्या क्षणी काय वाटलं त्याला नाव द्या. 'टेन्शन आलं', 'मूड गेला' या दोन शब्दप्रयोगांवर पहिले काही दिवस बंदी घाला. २००७ साली मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना भावना दाखवणाऱ्या चेहऱ्यांची चित्रं दाखवली आणि त्याच वेळी मेंदूचं स्कॅनिंग केलं. चेहऱ्यावरच्या भावनेला शब्दानं नाव दिलं, की मेंदूतल्या धोक्याची चाहूल घेणाऱ्या अमिग्डाला या भागाचा प्रतिसाद कमी होत होता.

पण मला नावाचा उपयोग दुसऱ्याच कारणासाठी जास्त पटतो: नेमकं नाव पुढचं काम सांगतं. धास्ती असेल तर ती पुढच्या कशाची तरी असते, मग तयारी काय करायची ते विचारता येतं. रुखरुख मागच्या राहून गेलेल्या गोष्टीची असते, तिथे एखादा फोन किंवा माफीचे दोन शब्द लागतात. चडफड म्हणजे राग आहे आणि बोलायला जागा नाही. घालमेल असेल तर दोन वाटा समोर आहेत आणि निवड लांबते आहे. कोंडमारा असेल तर कुणाशी तरी बोलल्याशिवाय तो सुटत नाही, कागद पुरत नाही. कानकोंडं वाटणं आणि अपमान वाटणं हेही एक नव्हे. त्या तरुणीनं आधी 'भीती' लिहिलं, ते खोडून 'धाकधूक' लिहिलं आणि शेवटी 'लाज'. तिला नोकरी जाण्यापेक्षा परवाच्या अडखळण्याची लाज जास्त टोचत होती. तो शब्द सापडेपर्यंत ती भलत्याच प्रश्नावर रात्र जाळत होती.

शब्द सापडत नसेल तर शरीराकडे जा. घसा, जबडा, खांदे, पोट, तळवे, यांपैकी कुठे काय होतंय ते साध्या भाषेत लिहा. 'जबडा घट्ट, दात आवळलेले' हे पुरेसं आहे.

'का' आधी की 'काय'?

आता प्रश्न. सुरुवात 'काय', 'कधी', 'कुठे', 'कशाची', 'कोणापाशी' यांनी करा. 'का' हा प्रश्न दमलेल्या मनाला विचारला की मन लगेच फिर्यादी होतं आणि आपल्याला पिंजऱ्यात उभं करतं. माझ्याच वाट्याला का, मलाच का जमत नाही, मी असं का बोलले. यातून माहिती मिळत नाही, फक्त शिक्षा होते. त्याऐवजी: मला नेमकी कशाची धास्ती आहे? ती कधी वाढते? कोणापाशी असताना कमी होते? तसं झालंच, तर मी पहिल्यांदा काय करीन? शेवटचा प्रश्न टाळावासा वाटतो, म्हणून तो मुद्दाम लिहायला लावते. सर खरंच रागावले, तर? "ऐकून घेईन. कुठे सुधारायचं ते नेमकं विचारीन. लिहून घेईन." एवढं कागदावर आलं की अक्राळविक्राळ उद्याला हातपाय आणि चेहरा येतो.

तरीही 'का' कायमचा वर्ज्य नाही. ईथन क्रॉस, ओझलेम आयडक आणि वॉल्टर मिशेल यांनी २००५ साली दाखवलं, की तोच 'का' जरा अंतरावरून, जणू दुसऱ्या कुणाकडे पाहतोय अशा नजरेनं विचारला तर त्याचा त्रास कमी होतो. क्रॉस यांच्या २०१४ च्या प्रयोगांत, ताणाच्या प्रसंगाआधी स्वतःशी 'मी' म्हणून बोलणाऱ्यांपेक्षा स्वतःला नावानं हाक मारून बोलणारे चिंतेला नीट सामोरे गेले. म्हणून 'का' विचारायचाच असेल तर नावानं विचारा. स्वतःचं नाव लिहा, पुढे 'तू' लिहा आणि जिवलग मैत्रिणीला जितक्या मायेनं लिहाल तितक्याच मायेनं लिहा. पहिल्यांदा अवघडल्यासारखं होईल. तरी लिहा. अनेकांच्या पानांवर मी पाहिलं आहे, की 'मी'च्या वाक्यांत जी भाषा कठोर असते तीच 'तू' आल्यावर मऊ पडते.

चिंतेला वेळ ठरवून द्या

लिहून झाल्यावर, ज्या ओळींबाबत काही करता येईल त्यांच्यापुढे टिंब द्या. बिल भरायचं राहिलंय, तपासणी टाळली आहे, एका मित्राला उत्तर दिलेलं नाही. या ओळींपुढे कधी, कुठे आणि पहिलं पाऊल कोणतं, ते लिहा. मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर यांनी २०११ साली दाखवलं, की अपुरं काम मनात सारखं डोकावत असेल, तर ते पूर्ण करावंच लागतं असं नाही. त्याचा नेमका बेत ठरवला तरी मन बरंच शांत होतं. झोपण्यापूर्वी पाच मिनिटं पुढच्या दिवसांतल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली, असं मायकेल स्कलिन यांच्या २०१८ च्या प्रयोगात दिसलं. यादी जितकी तपशीलवार, तितकी झोप लवकर.

ज्या ओळींबाबत काहीच करता येत नाही त्यांचं काय? "विचार करू नकोस" हे सांगून उपयोग नाही. १९८७ साली डॅनियल वेग्नर यांनी लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार न करायला सांगितलं आणि तेच अस्वल पुन्हा पुन्हा मनात आलं. त्याऐवजी चिंतेला वेळ ठरवून द्या. थॉमस बोर्कोवेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली तपासलेली ही पद्धत साधी आहे: रोज ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी अर्धा तास मनसोक्त चिंता करायची. दिवसभरात चिंता आली की तिची एक ओळ टिपायची आणि "संध्याकाळी साडेसहाला" म्हणून हातातल्या कामाकडे परतायचं. साडेसहाला मात्र खरंच बसायचं. मनाला दिलेला शब्द मोडला तर पुढच्या वेळी ते ऐकणार नाही. पुष्कळदा साडेसहाला सकाळची ओळ वाचून काळजी करायला काही उरलेलंच नसतं. तसं झालं तर उठा, अर्धा तास भरून काढायची सक्ती नाही.

फोनपासून येणारी बेचैनी

आपल्या काळातली बरीचशी अस्वस्थता एका काचेतून येते, म्हणून तिच्यासाठी वेगळी, छोटी नोंद ठेवा. फोन उघडण्याआधी एक शब्द, बंद केल्यावर एक शब्द. आधी 'कंटाळा', नंतर 'हेवा'. आधी 'एकटेपण', नंतर 'जास्त एकटेपण'. आठवड्याभरात तुमचाच कागद तुम्हाला सांगेल की कोणत्या दारातून काय आत येतं. मग सगळा फोन टाकायची प्रतिज्ञा करावी लागत नाही, एखाददुसरं दार लावलं तरी पुरतं. हेवा दिसला तर त्याला हाकलू नका. दुसऱ्याकडचं नेमकं काय आपल्याला हवंय, हे विचारा. परदेशवारीच्या फोटोखाली पुष्कळदा परदेश नसतोच, सोबत असते.

बातम्यांच्या बाबतीत मी जास्त कडक आहे. बॉस्टन मॅरेथॉनमधल्या २०१३ च्या बॉम्बस्फोटांनंतर अॅलिसन होल्मन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात, पहिल्या आठवड्यात रोज सहा तास किंवा जास्त त्याच बातम्या पाहणाऱ्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणं प्रत्यक्ष घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली. दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, वाचून बातम्या घ्या. त्याच त्या दृश्यांची फेरी नको.

पान ठेवायचं की फाडायचं?

घरात कुणी वाचेल अशी भीती असेल तर फाडून टाका. भीतीच्या छायेत लिहिलेल्या पानावर अर्धसत्यच उतरतं. ठेवणं शक्य असेल तर महिन्याभरानं उजवा रकाना पुन्हा वाचा आणि प्रत्येक भविष्यवाणीपुढे 'झालं' किंवा 'झालं नाही' लिहा. लुकास लाफ्रेनियर आणि मिशेल न्यूमन यांनी चिंताविकार असलेल्या २९ जणांकडून हेच करून घेतलं होतं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९१.४ टक्के चिंता खऱ्या झाल्या नाहीत. हा आकडा पाठ करून चिंता जाणार नाही. स्वतःच्या अक्षरातलं 'झालं नाही' मात्र पटतं. जुनी पानं एरवी चाळत बसू नका, ती खपली काढल्यासारखी होतात.

कागद जिथे पुरत नाही

चिंता हा स्वभावदोष नाही आणि प्रत्येक चिंता लिहून सुटेल असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात सुमारे ३० कोटी १० लाख लोक चिंताविकारांसह जगत होते. या विकारांवर परिणामकारक उपचार आहेत. डॉक्टर वापरतात ती जीएडी-७ नावाची सात प्रश्नांची चाचणी मागच्या दोन आठवड्यांविषयी विचारते. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण २१. बेरीज दहा किंवा त्याहून जास्त आली, तर तज्ज्ञांना भेटायला हवं. बेरीज कमी असली तरी झोप, भूक, काम किंवा माणसांतला वावर दोन आठवडे बिघडलेला असेल, तर आकड्यावर विसंबून राहू नका. आणि जगणं नको असं मनात येत असेल, तर लिहीत बसू नका. त्याच क्षणी घरातल्या माणसाला उठवा, मित्राला फोन करा, मदतवाहिनीला फोन करा, रुग्णालयात जा. अपरात्र आहे, कुणाला त्रास नको, हा विचार त्या वेळी बाजूला ठेवा.

पहिल्या भेटीत समुपदेशकासमोर पुष्कळांची वाचा बसते. "काय त्रास होतो?" या प्रश्नावर "काही नाही, असंच" असं उत्तर जातं आणि महत्त्वाचा वेळ सरतो. म्हणून जाताना दोन-तीन पानं सोबत न्या, ज्यांवर प्रसंग, नाव दिलेली भावना आणि शरीराची नोंद आहे अशी. वाचून दाखवणं जमलं नाही, तर नुसती पुढे करा आणि त्यांनाच वाचू द्या.